अपग्रेडचं लायसन्स आणि कोरी डिस्क

प्रश्न : लॅपटॉपबरोबर विंडोज ११ होम आलं होतं. नंतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून प्रोचं अपग्रेड विकत घेतलं. आता डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकायचं आहे. प्रोचे पैसे वाया जातील का?

उत्तर : नाही. हे लायसन्स डिस्कवर नसतंच. लॅपटॉपच्या हार्डवेअरची, मुख्यतः मदरबोर्डची, ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. मात्र ती नोंद तुमच्या अकाउंटला जोडली आहे ना, हे पुसण्याआधी पाहा. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे 'डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असं दिसायला हवं. 'लिंक्ड' शब्द नसेल तर तिथूनच अकाउंट जोडा. बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर प्रत्येक ड्राइव्हची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फक्त सी ड्राइव्ह पुसून डी तसाच ठेवणार असाल, तर डी उघडताना त्याची की लागेल.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा (त्यातलं सगळं पुसलं जातं) आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. डिस्कच्या यादीत काहीच दिसलं नाही तरी डिस्क बिघडली असं समजू नका. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आयआरएसटी (इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) हा त्याचा ड्रायव्हर उतरवा, फाइल उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो फोल्डर दाखवा. डिस्क दिसली, की तिच्यावरची सगळी पार्टिशन्स (डी ठेवायचा असेल तर तो सोडून) डिलीट करून रिकाम्या जागेवर 'नेक्स्ट' दाबा. हवी ती पार्टिशन्स सेटअप स्वतः पाडतो. दुसरी डिस्क असेल तर क्रमांक नीट बघा, इथली चूक परत फिरवता येत नाही.

आता खरी मेख. सेटअप तुम्हाला एडिशन (होम किंवा प्रो) न विचारताच होम टाकेल, कारण कारखान्यात फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेली प्रॉडक्ट की होमची आहे आणि सेटअप आधी तीच वाचतो. लोक इथेच घाबरून प्रो पुन्हा विकत घेतात. तसं मुळीच करू नका. होम पूर्ण बसू द्या, इंटरनेट जोडा, त्याच अकाउंटने आत या आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावरून मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा. प्रोचं लायसन्स सापडलं, की तिथूनच पुन्हा पैसे न भरता एडिशन बदलता येते. पुन्हा फॉरमॅट लागत नाही. स्टोअरऐवजी २५ अक्षरी की घेतली असेल तर 'चेंज प्रॉडक्ट की'मध्ये ती टाका.