मुगाचं कढण आणि कोल्हापूरचा उन्हाळा

चिनी पारंपरिक वैद्यकातल्या उन्हाळी आहाराबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : चिनी कालगणनेत उन्हाळा मेमध्ये लागतो म्हणे. आपल्याकडे मार्चपासूनच अंगाची लाही होते. मग आहार बदलायचा कधी? – शाहूपुरी

तारीख सोडा, हवा बघा. त्यांचा उन्हाळा सूर्याच्या स्थितीवरून मोजतात. तो 5-6 मेच्या सुमारास लागतो आणि 7-8 ऑगस्टला संपतो. खरा उकाडा तिकडे जुलैच्या मध्यानंतर, आणि तोवर इथे पंचगंगा फुगलेली असते. त्यामुळे काकडी, दुधी, कोहळा, कलिंगड, पुदिना हा त्यांचा थंड गुणाचा आहार आपण मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत धरावा. पावसाळी दमटपणात पचन मंदावतं असं ते वैद्यक मानतं. त्या दिवसांत हेच पदार्थ कमी करून आलं, मिरी वाढवायची.

प्रश्न : हिरव्या मुगाचं चिनी पद्धतीचं कढण केलं. हिरवं राहायच्या ऐवजी विटकरी झालं. काय चुकलं? – राजारामपुरी

मुगाच्या सालीतली द्रव्यं हवेशी संयोग पावली की पाणी तांबूस होतं. बोअरचं जड पाणी वापरलं तर हे फार लवकर होतं. अशा कढणाने अपाय होत नाही, पण उष्मा उतरवायला ते हिरवंच घेतात.

100 ग्रॅम मूग धुऊन अर्धा तास भिजवा. स्टीलच्या पातेल्यात सव्वा लिटर फिल्टरचं पाणी खळखळ उकळू द्या, त्यात चार-पाच थेंब लिंबू पिळा आणि मगच निथळलेले मूग टाका. झाकण ठेवून मध्यम आचेवर 10 ते 12 मिनिटं. सारखं झाकण उघडून बघायचा मोह आवरा, रंग तिथेच जातो. साल तडकली आहे पण दाणा अजून अख्खा आहे, अशा वेळी वरचं पाणी गाळून घ्या. हेच ते कढण. कोमट झालं की दुपारी एक वाटी प्या. उरलेल्या मुगात दोन वाट्या पाणी घालून ते मऊ शिजवा आणि उसळ करा.

लोखंडी कढई नको, कढण काळपट पडतं. कुकरही नको, दाणा फुटून पिठूळ होतं. गोडीला खडीसाखर घाला. आपला गूळ कितीही चांगला असला तरी त्या वैद्यकात तो उष्ण, आणि हे कढण प्यायचं ते उष्मा उतरवायला. हात-पाय गार पडणाऱ्यांनी, वरचेवर पोट बिघडणाऱ्यांनी ते रोज घेऊ नये.

प्रश्न : रविवारचा तांबडा रस्सा उन्हाळ्यात बंदच करायचा का? – मंगळवार पेठ

बंद नको, वेळ आणि माप बदला. मटण, लसूण, सुकी मिरची सगळंच उष्ण. घामाला ते वैद्यक हृदयाचा द्रव म्हणतं, आणि उन्हाळा हाच हृदयाचा ऋतू. एप्रिलच्या कोरड्या दुपारी रस्सा ओरपून घामाघूम होणं म्हणजे तोच द्रव वाया घालवणं. रस्सा संध्याकाळी घ्या, एकच वाटी, सोबत काकडीची भरपूर कोशिंबीर. पांढराही मटणाच्याच पाण्याचा असतो, त्याला थंड समजू नका.

खरं नुकसान होतं ते रश्श्यावर बर्फाचं सरबत ढोसल्याने. पदार्थाचा थंड गुण वेगळा आणि फ्रीजचा गारवा वेगळा. उन्हाळ्यात शरीराची ऊब त्वचेकडे धावते, पोट आतून गारच असतं, असं तिथे मानतात. म्हणून तर ‘हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं’ अशी चिनी म्हण आहे. माठातलं पाणी चालेल. जेवणाआधी आल्याचा नखाएवढा तुकडा मीठ लावून चावा. रात्री मात्र आलं टाळा. जेवणानंतर कोकम सरबत घ्या, बर्फाशिवाय. आंबट रस घाम आवरतो असं ते मानतात. धुरावलेल्या आलुबुखाऱ्याचं त्यांचं उन्हाळी पेय याच कामाचं.

प्रश्न : कारलं मीठ लावून पिळून केलं तर चालेल ना? साखरेच्या गोळ्या चालू आहेत. – कसबा बावडा

उन्हाळ्यात कारलं खायचं ते कडूपणासाठीच. कडू रस हृदयाची आग उतरवतो असं चिनी मत. घट्ट पिळून वर चिंच-गूळ घातला की भाजी चविष्ट होते, पण तो हेतू राहत नाही. आतला पांढरा गर चमच्याने खरवडा, पातळ चकत्या करा, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा आणि थोड्या तेलावर दोन-तीन मिनिटं परता. कडूपणा सोसण्याइतका उतरतो.

गोळ्या चालू असताना कारल्याचा रस मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दोन्ही मिळून साखर एकदम उतरू शकते. भाजी आठवड्यातून दोनदा, एक लहान वाटी पुरे. खाल्ल्यावर हात थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच साखर तपासा आणि डॉक्टरांना सांगा. गरोदर बाईला ही भाजी देऊ नये.