वाचकांचे प्रश्न: जुन्या मोटारसायकलींची वीजव्यवस्था

प्रश्न: माझ्याकडे वडिलांनी १९७२ मध्ये घेतलेली, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली २५० सीसी जावा आहे. इंजिनाची काहीच तक्रार नाही. परंतु रात्री हेडलाइट इतका मंद असतो की खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो, आणि हॉर्न दाबला की आहे तो उजेडही मिणमिणतो. एक मेकॅनिक एलईडी बल्ब लावायला सांगतो, दुसरा सगळी गाडी १२ व्होल्टवर नेण्याचा आग्रह धरतो. मूळ रूप फारसे न बदलता काय करता येईल?
— एक वाचक, सातारा

उत्तर: दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण ते अमलात आणण्याआधी आपल्या गाडीत वीज किती तयार होते आणि ती कुठे जाते, याचा हिशेब मांडायला हवा. क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) उजव्या टोकावर बसवलेला आपला डायनमो, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र, ६ व्होल्टचा असून त्याची क्षमता सुमारे ४५ वॉट आहे. हेडलाइटचा बल्ब ३५ वॉटचा धरला, त्यात मागचा दिवा आणि मीटरचा दिवा मिळवला, तर इंजिनातली ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलसाठी जेमतेम काही वॉट उरतात. ब्रेकचा दिवा आणि हॉर्न यांचा भार बॅटरीवरच पडतो. शिवाय इंजिन मंद गतीवर असताना हा डायनमो चार्जिंग करतच नाही. म्हणजे गावातल्या गर्दीत, सिग्नलला थांबत थांबत गाडी चालवली, तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत राहते. हॉर्नबरोबर दिवा मंदावतो, याचे मूळ बहुधा येथेच आहे.

मात्र एवढ्यावरून डायनमोला दोषी ठरवू नये. ६ व्होल्टवर ३५ वॉटचा बल्ब जवळपास ५.८ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि इतका प्रवाह पन्नास वर्षांच्या वायरींतून, झिजलेल्या स्विचमधून आणि गंजलेल्या अर्थिंगमधून (गाडीच्या सांगाड्यातून, म्हणजे चॅसीतून, बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेतून) जाताना वाटेतच व्होल्टेज गमावतो. या वाटेवर सगळा मिळून केवळ ०.१ ओहम रोध असला, तरी सुमारे ०.६ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के व्होल्टेज बल्बपर्यंत पोहोचत नाही. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. बल्बवर पैसे घालण्याआधी ही गळती शोधणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे.

त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावे. दोहोंतला फरक हीच गळती. त्यानंतर बॅटरीची चॅसीला जोडलेली बाजू आणि होल्डरचा धातूचा भाग यांच्यामध्ये मीटर लावावा, म्हणजे त्यातला किती वाटा अर्थिंगचा आहे ते कळते. येथे ०.२ किंवा ०.३ व्होल्टही जास्तच समजावे. जुन्या गाडीला नव्याने पावडर कोटिंग केलेले असेल, तर हमखास हा दोष सापडतो, कारण रंगाचा जाड थर बोल्टखालचा धातूचा संपर्क तोडतो. हेडलाइटच्या डब्यापासून बॅटरीपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि बाहेरून न दिसणारा उपाय आहे. मुख्य वायरी २.५ चौरस मिलिमीटरच्या घ्याव्यात, टोकांना नीट दाबलेले लग (धातूची जोडटोके) बसवावेत आणि ६ व्होल्टचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावून हेडलाइटचा प्रवाह जुन्या स्विचमधून जाऊ देऊ नये. कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी फिरत असेल, तर तांबे हिरवे पडलेले सगळे सांधे कापूनच टाकावेत. घासून ते फार काळ टिकत नाहीत. याच कामात डायनमोतल्या कार्बन ब्रशची लांबी, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरची स्वच्छता आणि व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर तपासून घ्यावा. दिवे बंद ठेवून मध्यम गतीवर बॅटरीवर साधारण ७ व्होल्ट दिसायला हवेत. रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर त्यावर पुन्हा चकाकी चढवून घेतल्याशिवाय कोणत्याही बल्बचे चीज होणार नाही.

एवढे केल्यावरही उजेड अपुरा वाटला, तर एलईडीचा विचार करावा. मागचा दिवा आणि मीटरचा दिवा एलईडीचा केल्यास डायनमोवरचा भार निश्चित हलका होतो. मात्र तांबड्या काचेमागे तांबडाच एलईडी घ्यावा, पांढरा घेतल्यास दिवा फिका दिसतो. हेडलाइटबाबत आम्ही अधिक सावध आहोत. जुना रिफ्लेक्टर तारेच्या एका ठरावीक बिंदूसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्या जागी बसल्या नाहीत, तर झोत विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता मात्र अंधारातच राहतो. खरेदीपूर्वी तो बल्ब ६ व्होल्टवर चालतो का आणि आपल्या गाडीत बॅटरीची कोणती बाजू चॅसीला जोडलेली आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

राहिला १२ व्होल्टचा प्रश्न. त्याच ३५ वॉटना १२ व्होल्टवर निम्माच प्रवाह लागतो, आणि त्याच ०.१ ओहम रोधात दहाऐवजी जेमतेम अडीच टक्के व्होल्टेज जाते. हा लाभ खरा आहे. जावासाठी चेक बनावटीच्या व्हेपसारख्या कंपन्यांचे पूर्ण संच मिळतात. त्यांत डायनमो, पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा यांत्रिक स्विच) आणि रेग्युलेटर काढून त्यांच्या जागी चुंबकी रोटरचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन येते. परंतु त्याबरोबर सर्व बल्ब, हॉर्न, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) आणि बॅटरी बदलावी लागते, आणि रोटर बसवताना ठिणगीचे टायमिंग काटेकोर लावावे लागते. आपण नियमितपणे रात्री लांबचा प्रवास करत असाल, तरच हा खर्च सार्थकी लागेल. रविवारी सकाळी फेरी मारणाऱ्याने नीट केलेल्या ६ व्होल्टवर समाधान मानावे. डायनमोचे काढलेले भाग भंगारात मात्र देऊ नयेत, कारण ते पुन्हा मिळवणे कठीण आहे.

प्रश्न: माझी येझदी १२ व्होल्टवर नेल्यानंतर इंडिकेटरला एलईडी बल्ब लावले. ते लागतात, पण लुकलुकत नाहीत. दोष कुठे असावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर: दोष बल्बांचा नसून फ्लॅशरचा आहे. जुना फ्लॅशर आतली पट्टी तापल्यावर चालतो, आणि एलईडीचा अल्प प्रवाह तिला पुरेसा तापवू शकत नाही. एलईडीसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. जास्तीचा प्रवाह ओढणारा रोधक जोडूनही काम भागते, परंतु वाचवलेली वीज त्यात वाया घालवण्यात काय अर्थ आहे?

प्रश्न: व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणी करायची आहे. विजेचे असे बदल केल्यास अडचण येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी या नोंदणीस पात्र ठरते, आणि तिच्या चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. वायरी, रिले किंवा बल्ब यांचा या तीन गोष्टींत समावेश होत नाही. तरीही हेडलाइटचा मूळ डबा कापणे किंवा आधुनिक हेडलाइट बसवणे टाळलेले बरे, कारण तपासणी करणाऱ्याला प्रथम तेच दिसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. आपण ती दररोज कामावर नेत असाल, तर बल्बचा विचार नंतर करावा. आधी हा निर्णय घ्यावा.