आर्डुइनो आयडीईवरच राहू की एसटीएम३२क्यूबआयडीई शिकू?

देवगडला कलमांच्या बागेतल्या पंपासाठी कंट्रोलर करताय आणि न्यूक्लिओ बोर्ड (एसटी कंपनीच्या एसटीएम३२ चिपचा तयार बोर्ड) घेतलाच आहे, तर बिनधास्त क्यूबआयडीई, म्हणजे या चिपसाठी प्रोग्राम लिहायचं एसटीचंच सॉफ्टवेअर, शिका. फुकट आहे, एक्लिप्स या कोड एडिटरवर बांधलेला आहे, जीसीसी कंपायलर (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा) आणि जीडीबी डीबगर (चालत्या प्रोग्राममधली चूक शोधायला मदत करणारा) सोबतच येतात.

खरा फायदा डीबगिंगचा. न्यूक्लिओवर एसटी-लिंक, म्हणजे चिपला कॉम्प्युटरशी जोडून प्रोग्राम टाकणारा आणि तपासणारा भाग, बसवलेलाच असतो. यूएसबी केबल लावा, ब्रेकपॉइंट टाका, प्रोग्राम त्याच ओळीवर थांबतो. समजा पंप चालू-बंद करणारा रिले ओढतच नाहीये. एसएफआर खिडकीत (इथे चिपच्या आतल्या रजिस्टरांच्या किंमती दिसतात) रिलेची पिन ज्या पोर्टवर आहे त्याचं मोड रजिस्टर बघा, पिन इनपुट की आउटपुट हे तिथे ठरतं. तुम्ही लिहिलेली किंमत तिथे उतरत नसेल, तर बहुतेक आरसीसीमध्ये (चिपच्या प्रत्येक भागाचं क्लॉक चालू-बंद करणारा विभाग) पोर्टचं क्लॉक चालू करायचं राहिलंय. नुसत्या सीरियल प्रिंटवर, म्हणजे बोर्डाकडून कॉम्प्युटरवर मजकूर छापून, हे शोधत बसलात तर रात्र जाईल.

इन्स्टॉलर मात्र मोठा आहे. पावसात आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे, म्हणून कणकवलीला चांगलं नेट मिळालं की इन्स्टॉलर आणि चिपचं फर्मवेअर पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

पंप राखणीशिवाय चालणार असेल तर वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर, लावाच. फक्त डीबग करताना तो थांबवून ठेवायची सेटिंग करा, नाहीतर ब्रेकपॉइंटवर थोडं जास्त थांबलात की बोर्ड रीसेट होईल.