दुकानाचं कार्ड घेऊ का, असं विचारलंस म्हणून

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. दुकानाचं कार्ड घेतलं तर पहिल्याच बिलावर १० टक्के सूट, पुढे प्रत्येक खरेदीवर पॉइंट्स. पगार बेताचा, तेव्हा जिथे चार पैसे सुटतात तिथे सोडवावेत, हा तुझा हिशेब. नुसतं 'घे' किंवा 'नको' म्हणून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी सगळी नोकरी दुकानांची खाती तपासण्यात गेली, त्यामुळे काउंटरच्या पलीकडून हा मामला कसा दिसतो तेही सांगतो.

आधी एक गल्लत दूर करू. काउंटरवर 'कार्ड काढून देऊ का?' असं विचारतात तेव्हा त्याचे दोन अर्थ असू शकतात. एक नुसतं मेंबरशिप कार्ड: नंबर सांगायचा, पैसे नेहमीसारखे द्यायचे, पॉइंट्स जमा. यात उधारी नाही. तू काय घेतेस, कधी घेतेस याची माहिती दुकानाला मिळते, तीच त्याची किंमत. हे खुशाल घे. (त्यांचे जाहिरातीचे मेसेज मात्र पहिल्याच दिवशी बंद कर. सेल लागल्याचं न कळणं हीसुद्धा बचतच.) दुसरं म्हणजे क्रेडिट कार्ड. ते सरळसरळ उधारीचं खातं आहे, नाव कितीही गोड असो. त्यातही फक्त त्याच दुकानात चालणाऱ्या कार्डांचं व्याज साधारणपणे इतर कार्डांपेक्षा चढं असतं आणि लिमिट छोटं. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे, हे आकड्यांत बघ. समज, शंभराच्या खरेदीवर २ पॉइंट्स मिळतात. ऐकायला २ टक्के वाटतं. पण एका पॉइंटची किंमत पाव रुपया असेल, तर हाती येतो अर्धा टक्का. त्यात पॉइंट्स पूर्ण शंभरावरच मोजत असतील, तर १९९ च्या बिलाला तुला शंभराचेच मिळणार. सेलच्या मालावर पॉइंट्स नाहीत, इतके जमल्याशिवाय वटवता येणार नाहीत, वटवताना बिल अमुक इतक्याचं हवं, आणि वर्षभरात वापरले नाहीत तर बाद, अशा अटी असल्या तर तो अर्धा टक्काही पुरा पडत नाही. सगळीकडे सगळ्या अटी नसतात, पण एकही नाही असं दुकान मला आठवत नाही. तेव्हा कुठल्याही योजनेला पहिला प्रश्न हाच: शंभर खर्च केले, तर माझ्या पुढच्या बिलातून नेमके किती कमी होणार?

दुकानाच्या वहीत हेच पॉइंट्स देणं म्हणून बसतात. आयएफआरएस १५ हे हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं. त्यानुसार विक्रीच्या रकमेतला पॉइंट्सच्या वाट्याचा भाग लगेच उत्पन्नात धरता येत नाही, ग्राहकाने ते वटवेपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मात्र किती पॉइंट्स कोणी कधीच मागायला येणार नाही, याचा अंदाज आधीच बांधतात. त्याला ब्रेकेज म्हणतात. म्हणजे तू विसरशील हे हिशेबात धरलेलं असतं, आणि तो अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघतो.

आता व्याज. पत्रातला हा भाग दोनदा वाच. महिना ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ टक्के असा दर धर. १०,००० थकले आहेत आणि स्टेटमेंटवर 'किमान देय' म्हणून ५ टक्के छापलंय. पहिल्या महिन्यात व्याज लागलं ३००, रक्कम झाली १०,३००. तू किमान देय ५१५ भरलेस. उरले ९,७८५. भरलेस ५१५ आणि कर्ज उतरलं २१५. पुढे एकही नवी खरेदी न करता दर महिन्याला किमान देयच भरत गेलीस, तर ३२ महिन्यांनी तुझ्या खिशातून सुमारे १२,००० गेलेले असतील आणि तरी डोक्यावर सुमारे ५,००० उरलेले असतील. कागद घेऊन स्वतः करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्टेटमेंटवर ही किमान रक्कम बहुतेक वेळा ठळक आणि सोयीच्या जागी असते. ती भरल्याने दंड टळतो, कर्ज टळत नाही.

मग त्या १० टक्के सवलतीचं काय? ३ टक्के महिन्याच्या दराने ती साडेतीन महिन्यांत संपते. अर्धा टक्का पॉइंट्स तर पाच दिवसांच्या व्याजात गेले. म्हणून मी म्हणतो, बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्यालाच पॉइंट्स मिळतात. बाकीचे त्याहून कितीतरी जास्त व्याज भरून ते विकत घेतात.

'पूर्ण भरणं' यातही एक खोच आहे. खरेदीपासून शेवटच्या तारखेपर्यंतचा बिनव्याजी काळ मागचं बिल पूर्ण फेडलं असेल तरच मिळतो. थोडी जरी बाकी मागे राहिली, तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. लोकांना वाटतं, राहिलेल्या थोड्याशा रकमेवरच व्याज लागेल. तसं नसतं. एखाद्या महिन्यात पूर्ण भरणं जमलं नाहीच, तर पुढचं बिल शून्यावर येईपर्यंत कार्ड कपाटात ठेव.

आणि 'सहा महिने बिनव्याजी' हा फलक दिसला की एकच गोष्ट विचार: सहा महिन्यांत पूर्ण फिटलं नाही तर व्याज उरलेल्या रकमेवर लागणार, की पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर? काही योजनांमध्ये व्याज माफ केलेलं नसतं, नुसतं पुढे ढकललेलं असतं. शेवटच्या हप्त्याला दोन दिवस उशीर झाला तरी ते सगळं एकदम अंगावर येतं. उत्तर तोंडी घेऊ नकोस, करारातली ओळ दाखवायला सांग. काउंटरवरच्या मुलाला दिवसाला अमुक इतकी कार्डं खपवायचं टार्गेट असू शकतं. त्याच्याशी हुज्जत नको, पण त्याच्या शब्दावर सहीही नको.

हे सगळं कळूनही माणूस फसतो, कारण पॉइंट्सची करामत गणिताच्या पलीकडची आहे. २००६ साली नून्स आणि द्रेझ या दोन संशोधकांनी गाडी धुण्याच्या एका केंद्रावर साधा प्रयोग केला होता. निम्म्या ग्राहकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं: आठ भरले की एक धुणं फुकट. उरलेल्यांना दहा शिक्क्यांचं कार्ड दिलं, पण त्यातले दोन शिक्के आधीच मारून. दोघांनाही अजून आठच हवे होते. तरी कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, आणि दोन शिक्के आयते मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. सुरुवात झाल्यासारखं वाटलं की आपण शेवट गाठायला धावतो. 'वेलकम बोनस' म्हणून जे पॉइंट्स मिळतात ते याच शिक्क्यांचे भाऊबंद. 'फक्त ४० पॉइंट्स कमी आहेत' असा मेसेज आला आणि तू काहीतरी उचलायला निघालीस, की समज, योजना आता दुकानासाठी काम करतेय.

यावर माझ्याकडे उपाय एकच, जरा कंटाळवाणा. काय घ्यायचं याची यादी घरी लिहायची, दुकानाचं नाव न घालता. मग ती वस्तू जिथे स्वस्त आणि धड मिळेल तिथून घ्यायची. त्या दुकानाचं कार्ड असेल तर छान, नसेल तर पॉइंट्सवर पाणी सोड. अर्ध्या टक्क्यासाठी ५ टक्के महाग दुकानात जाणारी शहाणी माणसं मी भरपूर पाहिली आहेत.

कार्ड घेतलंस, तर ज्या दिवशी ते वापरशील त्याच दिवशी तेवढी रक्कम खर्चाच्या खात्यातून काढून वेगळ्या खात्यात टाक. बिल आलं की तिथून भर. तेवढे पैसे त्या दिवशी खात्यात नसतील, तर ती खरेदी तुझ्या ऐपतीतली नाही, एवढा निवाडा पुरे. ऑटो-डेबिट लावशील तेव्हा 'पूर्ण रक्कम' निवडलंय ना ते बघ. फॉर्ममध्ये 'किमान रक्कम' आधीपासून टिक केलेली असू शकते.

पॉइंट्स साठवत बसू नकोस. त्यांना व्याज मिळत नाही, आणि त्यांची किंमत दुकान एका नोटिशीने कमी करू शकतं. वटवण्याइतके झाले की यादीतल्याच वस्तूवर वटव. आणि बिलात जेवढे कमी झाले तेवढे रोख पैसे त्याच संध्याकाळी बचतीच्या खात्यात टाक. हे केलं नाहीस तर ती बचत पुढच्याच फेरीत कशात तरी विरघळते, कशात ते आठवतही नाही.

दोन बारीक गोष्टी. माल परत केलास तर त्यावरचे पॉइंट्स परत जातात, आणि परताव्याची रक्कम खात्यात जमा झाली म्हणून त्या महिन्याचं बिल भरलं गेलं असं अनेकदा धरत नाहीत. ते वेगळं भरावं लागतं. दुसरं, नवीन कार्डासाठी अर्ज केला की त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये होते आणि क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँक बघते तो पतीचा आकडा, थोडा उतरू शकतो, आणि छोट्या लिमिटचं कार्ड निम्म्याहून जास्त वापरलं तर स्कोअरला खटकतं. पुढच्या वर्षी घरासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज काढायचा विचार असेल, तर सवलतीसाठी तीन दुकानांची तीन कार्डं काढण्याचा उद्योग नको.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आज मेंबरशिप कार्ड घे, क्रेडिट कार्ड नको. पहिल्या बिलावरची सूट पुन्हा येते, ती दुकानं सणासारखी वरचेवर काढतातच. तीन महिने खर्च लिहून ठेव. त्या दुकानात तू दर महिन्याला खरंच जातेस का, आणि महिनाअखेरीला खात्यात थोडं तरी उरतं का, एवढंच त्यातून बघायचंय. दोन्हीचं उत्तर हो आलं, तर कार्डाचा करार मला पाठव. व्याजदर, वार्षिक फी आणि उशिराचा दंड या तीन ओळींवर खूण करून पाठव, म्हणजे फोनवर बोलताना शोधाशोध नको.

तुझा,
मामा