प्रूफ वाचलं का?

प्रश्न : काका, नात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिने कॉलेजच्या सरांना पाठवलेली ई-मेल वाचली आणि कपाळावर हात मारला. 'यू' हे एकच अक्षर लिहून मोकळी. 'रिसीव्ह'मध्ये आय आधी, ई नंतर. 'देअर'च्या तीन स्पेलिंगांपैकी जे हाताला लागलं ते. बोललो तर म्हणते, "आबा, सरांना कळलं ना?" आमच्या वेळी मॅट्रिक झालेला माणूसही अशी चूक करत नव्हता. इंग्रजीची ही दशा का झाली?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, गंगापूर रोड

उत्तर : आबा, मॅट्रिकवाल्यांचं तेवढं सोडा. त्यांच्या चुका तुम्ही पाहिल्या नाहीत, मी पाहिल्यात. नाशिकच्या भद्रकालीत माझा खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, छापखाना 31 वर्षं चालला. वकिलांच्या नोटिसा, डॉक्टरांची लेटरहेडं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळ्यांचं हस्तलिखित आधी माझ्या टेबलावर यायचं. 'सेपरेट'मध्ये पीच्या पुढे ई, 'ऑकेजन'ला दोन एस, 'कमिटी'ला एकच टी. प्रश्नपत्रिका काढणारे सर इंग्रजीचे, हेही सांगून टाकतो. आम्ही कुणाला न बोलता दुरुस्त करायचो. कंपोझिटर खिळे जुळवायचा, प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, निघायचं, मी लाल शाईने रंगवायचो, मग दुसरं प्रूफ. तुमच्या हातात पडायचा तो कागद दोन-तीनदा गाळलेला असायचा. नात अंगठ्याने लिहिते आणि त्याच अंगठ्याने पाठवते. मध्ये कुणी बसलेलंच नाही.

त्या एका अक्षराच्या 'यू'चंही कारण आहे. मोबाइल आले तेव्हा एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावायची आणि प्रत्येक एसएमएसचे पैसे पडायचे. देवनागरीत लिहिलं तर मर्यादा 70 वर यायची. म्हणून पोरं इंग्रजी आखडून लिहायला लागली आणि मराठी रोमन लिपीत. पुढे एसएमएस जवळजवळ फुकट झाले, सवय मात्र राहिली. आता वर फोनचा शहाणपणा. मी 'दादा' लिहितो, तो 'डेटा' करून पाठवतो.

शिवाय इंग्रजी स्पेलिंग म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. इंग्लंडचा पहिला छापखानेवाला कॅक्स्टन, त्याने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हा इंग्रजांचे उच्चार बदलत चालले होते आणि स्पेलिंगं मात्र शिशात बसून घट्ट होत गेली. 'नाइट'मधले जी-एच एके काळी बोलले जात, आता नुसतेच बसून असतात. 'डाउट'मधला बी पंडितांनी लॅटिनकडे बोट दाखवून घुसवला. 'आयलंड'मधला एसही तसाच, फक्त तिथे बोट चुकीच्या शब्दाकडे दाखवलं गेलं. शेक्सपिअरच्या म्हणून ज्या सहा सह्या मानतात, त्यांतही स्पेलिंग एकसारखं नाही. जॉन्सनचा कोश आला 1755 मध्ये, त्यानंतर जरा शिस्त लागली. तिकडे अमेरिकेत वेबस्टरने 1828 च्या कोशात 'कलर'मधला यू उडवला आणि कुणाचं काही अडलं नाही.

हे वाचून नात तुम्हाला टाळी मागेल. देऊ नका. माझं अडलं होतं.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराने पेट्यांची 2000 लेबलं छापायला दिली. 'थॉम्पसन सीडलेस'. हस्तलिखितात पी होता. मी म्हटलं, हा पी बोलतो कोण? आणि लाल शाईने काढला. लेबलं गेली, पेट्यांवर चिकटली आणि मुंबईच्या एजंटने बोट ठेवलं: मालाच्या कागदांत पी आहे, पेटीवर नाही, लेबलं बदला. रात्रभर ट्रेडल हे छपाईचं मशीन चालवून माझ्या खर्चाने नवी लेबलं काढली. बागायतदार मशीनजवळच्या स्टुलावर बसून होता. एक शब्द बोलला नाही, त्याने जास्त लागलं. ही जात कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन या बागायतदाराच्या नावाची, हे मला नंतर कळलं. आणि तो पी उगाच नाही. 'थॉमसन' झटक्यात म्हणून बघा: मवरून सवर जाताना ओठ सुटतात, तिथे हलकासा प निसटतोच.

तेव्हा 'कळलं ना' हे उत्तर घरात चालेल. ज्याच्या हातात आपलं काम अडकलंय त्याच्यापुढे चालेलच असं नाही. नातीला नियम शिकवत बसू नका. 'आय आधी, ई नंतर, फक्त सीपुढे उलटं' हा तुम्ही पाठ केलेला नियम 'वीअर्ड' आणि 'सीझ'पुढे आपटतो आणि तिला ते माहीत असणार. त्यापेक्षा आम्ही करायचो ते करा. बायको हस्तलिखित मोठ्याने वाचायची, अगदी "स्वल्पविराम, नवा परिच्छेद" म्हणत, आणि मी प्रूफवर पेन्सिल फिरवायचो. तुम्ही वाचा, नात स्क्रीन बघेल. एकटी असेल तेव्हा शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगा. अर्थ तुटला की डोळ्याला अक्षर दिसतं.

प्रश्न : पेंटरने दुकानाच्या पाटीवर 'स्टेशनरी' लिहिताना ईच्या जागी ए काढला. गिऱ्हाईक हसतं. पुन्हा रंगवू का?
– एक दुकानदार, पंचवटी

उत्तर : एवाला शब्द म्हणजे जागचं न हलणारं. गंमत अशी की दोन्ही शब्दांचं मूळ एकच. फेरीवाल्यासारखा न फिरता एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा, तो स्टेशनर. पेंटर अगदीच चुकला असं म्हणवत नाही. पण रंगवाच, आणि मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान ठेवू नका. 2022 पासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही तो नियम आहे. देवनागरीत ए की ई, हा घोळ नाही.

प्रश्न : इंग्रजीत 'नाशिक'च्या स्पेलिंगमध्ये एच हवा की नको? वडिलांच्या जुन्या कागदांवर एच नाही.
– एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : आता एच घाला. वडिलांचे कागद 'नासिक' या रूपाचे, त्यांना हात लावू नका. त्याहून जुनं हवं असेल तर शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेल्या आफ्रिकी मुलांबद्दल वाचा. आफ्रिका धुंडाळणारा इंग्रजी प्रवासी लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये तिथेच वारला, तेव्हा त्यांतला जेकब वेनराइट त्याच्यासोबत होता, आणि झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव वेनराइटनेच कोरलं. इंग्रजांच्या पुस्तकांत ही मुलं 'नॅसिक बॉइज' म्हणून येतात, तिथे आपल्या गावाला दोन एस आणि शेवटी सी-के.