गरोदरपणात बीपी वाढले आहे, पण त्रास काहीच नाही. तरी इतकी काळजी हवी का?

आपल्या पत्नीला सातवा महिना चालू आहे, बीपी 146/94 भरले, डॉक्टरांनी फाइलवर ‘हाय रिस्क’ लिहिले आणि तिला मात्र काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून आपण हे विचारले आहे. काळजी नक्कीच हवी, कारण हा आजार बराच काळ काही जाणवू न देता वाढतो.

माझ्या पहिल्या खेपेला 32व्या आठवड्यात बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना, तेव्हा ‘दिवसांत सूज यायचीच’ अशी घरच्यांनी समजूत घातली. पायांवर सूज बहुतेकींना येते हे खरे, पण चेहरा आणि हात अचानक सुजले तर ते दाखवायलाच हवे. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा त्याहून वर गेले आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्याचे मूळ वारेच्या रक्तपुरवठ्यात असते, खाण्यापिण्यात नव्हे. हे तिला आवर्जून सांगा, कारण मी कित्येक रात्री स्वतःलाच दोष देत काढल्या.

घरी डिजिटल यंत्र आणा. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर आणि दंड छातीच्या पातळीला ठेवून सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. तपासणीला जाताना ती वही न्यायला विसरू नका. गोळ्या बरे वाटते म्हणून बंद करू नयेत. मीठ तोडण्याने हा आजार आटोक्यात येत नाही.

डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, धाप लागणे, रक्तस्राव होणे, बाळाची हालचाल कमी वाटणे किंवा बीपी 160/110च्या घरात जाणे, यांपैकी एकही गोष्ट झाली तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात असाल तर 108 ला फोन करा. झटके येण्याचा धोका असेल तर रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते घरी शक्य नाही. म्हणून बाळंतपण कुठे करायचे, तिथे रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग आहे का, हे आताच ठरवा.

बाळंतपण झाले म्हणून मोजणे थांबवू नका. माझे सर्वांत जास्त बीपी चौथ्या दिवशी भरले, आणि तेव्हा घरातले सगळे पाळण्याभोवती होते.