वय कोणी लिहिलं, ते आधी विचार

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि प्रबंधासाठी केलेला गरोदर मुलींच्या वयाच्या नोंदींचा तक्ता, दोन्ही नीट वाचलं. तक्त्यातली बाराव्या ओळीतली मुलगी शाळेच्या निर्गम उताऱ्यावर सोळा वर्षांची आहे, आधारवर अठरा, आरोग्य उपकेंद्राच्या रजिस्टरात एकोणीस आणि सोनोग्राफीच्या वेळी भरतात त्या एफ फॉर्मवर वीस. मुलगी एकच, बाळंतपण एकच, वयं चार. तुझे गाईड म्हणतात, एक वय धर आणि पुढं चल. विधी विभागाला हा विषय वैद्यकीय वाटतो. मेडिकल कॉलेजची एथिक्स कमिटी विचारते, एलएलएम झालेल्या मुलीला गरोदर बायकांच्या नोंदी कशाला हव्यात? समाजकार्यवाल्यांनी तर चार केस स्टडी लिहून मोकळी हो, असं सुचवलं. आणि तू मला विचारतेस, "मॅडम, खरं वय कोणतं धरू?"

कोणतंच धरू नकोस. चारही ठेव, आणि प्रत्येक वयापुढे रकाने वाढव. हे कोणी लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं, लिहिताना त्या माणसाला कोणतं काम उरकायचं होतं. आकडा लिहिणाऱ्या हातापर्यंत जा. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

शाळेपासून सुरू कर. तुझ्या तक्त्यात किती मुलींची जन्मतारीख १ जून आहे, मोजलंस का? मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मास्तरांनी पोरगी पहिलीत घेताना, शाळा उघडायच्या आधी सहा वर्षं पूर्ण होतील असा दिवस टाकला. त्यात लबाडी नव्हती. जन्माचा दाखलाच नव्हता, मग मास्तर तरी काय करणार? पण दाखला का नव्हता, हे तू विचारलं नाहीस. तुझा प्रबंध खरा तिथून सुरू होतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की जन्म जिथं झाला तिथंच नोंदवायचा, आणि तोही एकवीस दिवसांत. आता बीडच्या वडवणी-धारूरकडची ऊसतोड कामगारांची टोळी डोळ्यांपुढे आण. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, दिवाळी झाली की सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात निघालेली. बाई उसाच्या फडावरच बाळंत झाली, तर नोंद व्हायला हवी त्या परक्या गावच्या ग्रामपंचायतीत. तिथला ग्रामसेवक तिला ओळखत नाही. पाचटाच्या कोपीला घर नंबर नसतो. बाळंतीण दोन-चार दिवसांत पुन्हा मोळ्या बांधायला लागते, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता आणि उचल त्या कोयत्यावर दिलेली असते. ती बसून राहिली तर खाडा दोघांच्या नावावर पडतो. तेवढ्यात फड संपतो, टोळी पुढच्या गावाला जाते आणि एकवीस दिवस तिथंच सरतात. वर्ष उलटलं की उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. गावी परतल्यावर तालुक्याच्या चकरा मारायला आई-बापाकडे ना पैसा ना वेळ. मग सहा वर्षांनी मास्तर १ जून टाकतात.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९४ वय ठरवताना शाळेचा किंवा दहावीचा दाखला आधी धरतं, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे मास्तरांचा अंदाज बाल कल्याण समितीपुढे पहिल्या नंबरचा पुरावा होऊन उभा राहतो. समितीने एकदा वय नोंदवलं की त्या कायद्यापुरतं तेच खरं वय मानलं जातं. हे कलम तू वर्गात शिकलीस. त्याच्या मागे फडावरचं बाळंतपण उभं आहे, हे तुला वर्गात कुणी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. ते तुलाच लिहावं लागेल.

एक गोष्ट लगेच टिपून ठेव. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. मास्तरांच्या हातातला १ जून गेला. हा कायदा लागू झाल्यानंतर फडावर जन्मलेली लेकरं थोड्याच वर्षांत पहिलीच्या दारात उभी राहतील, तेव्हा त्यांचं काय होतं हे बघायला तिथं कुणी संशोधक असेल का? तू अस.

आता उपकेंद्र. तुझ्या तक्त्यात त्या रकान्यात अठराखालचं एकही वय नाही. एवढ्या ओळींत एकही नाही, आणि तुला त्यात काही खटकलं नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं. अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के निघाल्या, परभणीत ४८ आणि बीडमध्ये जवळपास ४४. सर्वेक्षणवालीला खरं सांगितलं तर कुणाच्या दारात पोलीस येत नाहीत. नर्सबाईला सांगितलं तर येतात. पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, कलम १९ असा गुन्हा कळवायला बांधतं, कलम २१ न कळवणाऱ्याला शिक्षा सांगतं, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लग्न झालंय ही सबबही अठराच्या आत चालत नाही.

केज भागातल्या एका नर्सबाईंनी मला फार पूर्वी सरळ सांगितलं होतं, "मॅडम, अठराच्या वर लिहिलं की ती पुढच्या तपासणीला येती. खरं लिहिलं की सासू तिला रातोरात नणंदेच्या गावी धाडती. मला तिचं रक्त तपासायचंय." बोलता बोलता त्या रजिस्टरात पुढची ओळ भरत होत्या. हिमोग्लोबिन ७.२, वय १९, दोन्ही एकाच पेनाने. हिमोग्लोबिन मोजलेलं होतं, वय ठरवलेलं होतं, आणि कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसत होते.

मी त्या नर्सबाईंची वकिली करत नाही. त्या एकोणीसमुळे सोळा वर्षांच्या पोरीचं बाळंतपण जोखमीच्या यादीत जात नाही. जिल्ह्याच्या अहवालात अल्पवयीन माता दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कुणी काही मागत नाही. आणि उद्या त्या पोरीला २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली लग्न रद्द करून घ्यायचं असेल, तर सज्ञान झाल्यापासून दोनच वर्षांची मुदत असते. तिच्याविरुद्ध हेच रजिस्टर पुढे येईल. पण वकिलीही नको आणि फिर्यादही नको. हातापर्यंत जा म्हणजे हात धरून पोलिसांत नेणं नव्हे. तुझ्या वहीत त्या उपकेंद्राचं नाव नको, गावाचं नको, वर्षही ढोबळ ठेव. ती बाई तुला खरं सांगेल तेव्हा स्वतःवरचा गुन्हा तुझ्या हातात देत असेल, याचं भान सुटू देऊ नकोस. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताबाबत थोडी वाट करून दिली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख सांगायची गरज नाही. पण तो निकाल गर्भपातापुरता आहे. ज्या मुलीचे दिवस भरत आलेत, तिच्यासाठी नर्सबाईकडे आजही तेच पेन आहे.

आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "हाडांची तपासणी करून सोक्षमोक्ष लावता येईल का?" ते वाचून मला राग आला. गरोदर मुलीच्या कमरेचा एक्स-रे, तोही तुझ्या रकान्यासाठी? हा विचार पुन्हा कागदावर आणू नकोस. आणि आणलास तरी हाती काय येईल? आपल्याकडे मनगट, कोपर, कंबर बघून वय सांगतात, आणि त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची तफावत असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगून ठेवलंय. हाताच्या हाडांसाठी जगभर जो ग्रॉयलिश-पाइल ॲटलास वापरतात, तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांच्या एक्स-रेंवरून बनला. ज्या पोरीला लहानपणी पोटभर मिळालं नाही, तिची हाडं उशिरा पिकतात. एक्स-रे तिचं वय सांगताना तिची उपासमारही त्यातच मिसळून सांगतो. तिथंही हात आहेच, फक्त तो इथला नाही.

अंगणवाडीचं थोडक्यात सांगते, कारण तुझ्या विषयात ते दुय्यम आहे. वयानुसार वजन आणि वयानुसार उंची काढायला महिने अचूक लागतात. फडावर जन्मलेल्या लेकराचे तीन-चार महिने इकडेतिकडे झाले की खुजं पोर कागदावर धडधाकट दिसतं. दंडघेर मात्र महिने विचारत नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११.५ सेंटिमीटरच्या आत आला की सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मग तारीख कोणतीही असो. तारखेचा भरवसा नसेल तिथं दंडघेर आणि उंचीनुसार वजन घे. आणि तारीख काढायचीच असेल तर आईजवळ बस. ती तारीख सांगणार नाही, पण पोळ्याच्या आधी की नंतर, पहिल्या फडावर की शेवटच्या, कर्जमाफीच्या साली की लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली, हे ती बिनचूक सांगेल. त्याचा तक्ता बनव. तुझ्या चारही कागदांपेक्षा तो महिन्याच्या जास्त जवळ जाईल.

आता माझं. तू विचारलं नाहीस, पण तुझे गाईड तुला कधीतरी सांगतील की मॅडमच्या नादी लागू नकोस, त्यांचं स्वतःचंच छापून आलं नाही. खरं आहे. मी रजिस्टरांवर काम केलं तेव्हा एका संस्थेने सांगितलं, की वयाचा एकच रकाना ठेवा, बाकीचे गाळा, मग अहवाल छापू. मी नाव काढून घेतलं. अहवाल माझ्या नावाशिवाय, एका रकान्याने छापला. पुढे बढतीच्या वेळी हेच माझ्या आड आलं. हट्टी म्हणाले, भांडखोर म्हणाले. आजही मला वाटतं की मी बरोबर होते. एका रकान्याचा तो अहवाल वाचून कुणीही म्हणेल, आपल्याकडे अल्पवयीन माता फारशा नाहीत. मी सही केली असती, तर माझ्या पदवीचं वजन त्या वाक्यामागे उभं राहिलं असतं.

सल मात्र आहे. ज्या बायकांनी ड्यूटी संपल्यावर तासतास बसून मला सांगितलं, त्यांचं बोलणं माझ्या ट्रंकेत राहिलं. त्यातल्या बऱ्याच जणी निवृत्त झाल्या, काही गेल्या. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये विधिमंडळात तीन वर्षांचा ४,६०५ हा आकडा आला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. मला त्या नर्सबायकाच आठवल्या. त्यांच्या रजिस्टरांत कोवळ्या वयातली बाळंतपणं, अंगावरून पांढरं जाणं, कंबरदुखी हे सगळं कितीतरी आधीपासून ओळीओळीने लिहिलेलं होतं. कोणी त्या वह्या लिहिणाऱ्यांना विचारलं नाही. त्या वह्यांच्या नकला माझ्याकडे आहेत. तुला हव्या असतील तर घेऊन जा, पण नावं झाकल्याशिवाय त्या कुणालाही दाखवायच्या नाहीत.

विभागाचं काय करायचं? कायद्यातच नाव ठेव, पदवी त्यांचीच घे. सहमार्गदर्शक म्हणून कम्युनिटी मेडिसिनचं कुणीतरी बघ, मी दोन नावं सुचवीन. एथिक्स कमिटीला उत्तर देताना मोठमोठे शब्द वापरू नकोस. तुझा अभ्यास मुलींचा नाही, नोंदींचा आणि नोंद करणाऱ्यांचा आहे, एवढं स्पष्ट लिही. आणि ते खरंही असू दे. अल्पवयीन मुलींच्या मुलाखती आराखड्यातून काढून टाक. तुला वाईट वाटेल, त्यांचा आवाज गेला असं वाटेल. पण त्यातल्या एकीने तुझ्याजवळ तोंड उघडलं, तर पोक्सोचं कलम १९ तुलाही लागू आहे. तू वकील आहेस म्हणून त्यातून सुटत नाहीस.

म्हणून संमतीपत्राच्या मसुद्यातलं तिसरं वाक्य आजच खोड. "तुम्ही सांगितलेली कोणतीही माहिती कोणालाही कळवली जाणार नाही", असं तू लिहिलंयस. हे वचन तुला पाळता येणार नाही, आणि ऐकणाऱ्या बाईला ते माहीत नाही. त्या जागी, कोणती गोष्ट तुला कायद्याने कळवावीच लागेल ते साध्या बोलीत, आधीच, तोंडी सांगायचं ठरव. मुलाखत सुरू व्हायच्या आधी, नंतर नव्हे. नवा मसुदा या महिनाअखेर मला पाठव. दिवाळीनंतर टोळ्या निघतील, आशाताईही प्रसूतीच्या याद्यांत अडकतील. त्याआधी कमिटीपुढे जायला हवं.

तुझी,
मॅडम